दाराकडे पाठ केलेला हत्ती

चित्रकलेच्या परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा नापास झालो नाही. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असा शेरा होता. नापास आणि अपूर्ण यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, यावर मी भोरात ओळखीच्या प्रत्येक माणसाशी वाद घातलेला आहे. नापास म्हणजे ज्याला येत नाही तो. अपूर्ण म्हणजे ज्याला येतं, पण वेळ पुरला नाही, उजेड कमी पडला, शेजारच्यानं बाकाला धक्का दिला, असा कोणीही सज्जन मनुष्य. मी दोन्ही वेळा असाच सज्जन ठरलो होतो.

खरी गोष्ट मला एकट्याला माहीत होती. तांब्या काढायला सांगितला की मी त्याचा गळा उत्तम काढायचो आणि पोट निम्मं झालं की हात आखडता घ्यायचो. पोटाच्या दोन्ही बाजू सारख्या येणार नाहीत, याची मला पक्की खात्री असे. न काढलेल्या बाजूला कोणी नाव ठेवू शकत नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान होतं. आणि ते चित्रांपुरतंही नव्हतं. घरी मी विणायला घेतलेली एक बाज होती, डोक्याकडून निम्मी विणून सोडलेली. आई आल्यागेल्याला ती दाखवायची आणि म्हणायची, "ही आमच्या मास्तरांची. हिच्यावर कमरेपर्यंत झोपता येतं." मला भयंकर राग यायचा. पण रागाच्या भरात मी उरलेली बाज विणली असं मात्र कधी झालं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीच्या तीन-चार वर्षांतली ही हकिकत. भोर संस्थानच्या शाळाखात्यानं मला राजगडाच्या पायथ्याला, पाली आणि गुंजवणे यांच्या मधल्या एका लहान गावात मास्तर म्हणून धाडलं. कापूरहोळला मोटारीतून उतरायचं, पुढे गाडीबैल भेटले तर गाडी, नाहीतर आपले पाय. गावात शाळा होती, पण शाळेला घर नव्हतं. भैरोबाच्या देवळाच्या मंडपात पोरं बसायची. गाभाऱ्याच्या एका अंगाला पांढऱ्या मातीनं सारवलेली लांब भिंत होती. फळा मधोमध फुटला होता आणि त्याच्या फटीतून पहिलीतली पोरं एकमेकांना वाकुल्या दाखवायची.

देवळाची झाडलोट आणि दिवाबत्ती गुरवाच्या घराकडे होती. गुरव वारला होता, आणि त्याची बायको ते सगळं एकहाती करायची. वयानं माझ्या आईएवढी, अंगानं शेलाटी, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वर करून बघत. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. तिला चार लेकी. तिघींची लग्नं झालेली, धाकटी घरात होती.

पहिल्याच आठवड्यात मी लहान पोरांना ओळखायला म्हणून भिंतीवर तांबड्या कावेनं एक बैल काढला. शिंदीची काडी ठेचून कुंचला केला, नारळाच्या करवंटीत काव कालवली. शिंगं झाली, वशिंड झालं, पुढचे पाय झाले. मागचा भाग जमेल अशी लक्षणं दिसेनात. मी पोरांना सांगितलं, "उरलेला उद्या," आणि शाळा सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी हातात केरसुणी घेऊन भिंतीसमोर उभी होती.

"मास्तर, ह्यो बैल कुणी कापला?"

"कापला नाही. राहिलाय."

"ऱ्हायलाय म्हंजे? देवाच्या भिंतीवर अर्धं जनावर? आवं, भंगलेली मूर्त आमी देवळात ठेवत न्हाई, आन तुमी अर्धा बैल ठेवून खुशाल जेवाय गेला व्हय? मागं एका सुतारानं गणपतीच्या उंदराचं शेपूट ठेवलं काढायचं. सालभर त्याचं एक काम तडीला गेलं न्हाई. शेवटी शेपूट काढलं, तवा सुटला."

मी शिकलेला माणूस. असल्या समजुतींवर माझा विश्वास नाही, असं मी तिला जरा मोठ्यानंच सांगितलं. तिनं शांतपणे केरसुणी उंबऱ्यावर आडवी टाकली आणि म्हणाली, की बैल पुरा झाल्याबिगर शाळा भरणार नाही. पोरं बाहेर रांगेनं उभी होती आणि हा निकाल ऐकून आनंदानं टाळ्या पिटत होती. मी निमूटपणे काडी उचलली.

तो बैल मी कसा पुरा केला ते आठवलं की अजून घाम फुटतो. मागचे पाय पुढच्यांहून आखूड झाले, शेपूट जिथून फुटायला हवं त्याच्या टीचभर वरून फुटलं. उभा बैल बसायच्या बेतात आहे की बसलेला उठायच्या, हे काही ठरवता येईना. मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"लई वंगाळ झाला," ती म्हणाली.

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. आयुष्यभर ज्या वाक्याला चुकवत आलो, ते वाक्य माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांच्या देखत माझ्या तोंडावर येऊन आदळलं होतं. पण जमीन दुभंगली नाही. पोरं आत येऊन पाढे म्हणायला बसली, आणि मावशी जाता जाता म्हणाली, "पर पुरा झाला. उद्या सकाळी पोतेरा फिरवते. मंग दुसरं काढा."

दुसरं काढायचा माझा बिलकूल विचार नव्हता. पण दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तो बैलाच्या जागी पांढऱ्या मातीचा ओला चौकोन, आणि त्याच्यासमोर शाळेच्या वेळेआधी आलेली पोरं. आदल्या दिवशी गैरहजर असलेलीही आली होती. मावशीनं करवंटी पुढे केली.

"काढा. भिंत वली हाय."

"रोज कशाला, मावशी?"

"कशाला म्हंजे? देव कवाधरनं ह्या भिंतीकडं बघत बसलाय. त्याला उठून दुसरीकडं जाता येत न्हाई. त्यालाबी कायतरी नवं बघू दे की."

अशा रीतीनं भैरोबाच्या करमणुकीसाठी मी रोज एक चित्र काढू लागलो. मावशीचे नियम दोन होते. एक, काढायला घेतलेलं जनावर दिवा लागायच्या आत पुरं झालं पाहिजे. दुसरा नियम मला एका घोड्यापायी कळला. तो घोडा मी ऐटीत दाराच्या दिशेनं दौडत नेला होता. मावशी किंचाळलीच. गाभारा भिंतीच्या डाव्या अंगाला होता, त्यामुळे घोड्याचं ढुंगण नेमकं देवाच्या तोंडासमोर आलं होतं. तेव्हापासून बैल असो, मोर असो, सगळ्यांची तोंडं डावीकडे, देवाकडे.

पहिला महिना वाईट गेला. रोज सकाळी पोटात गोळा यायचा. गावातली मोठी माणसंही आता शेताकडे जाता जाता डोकावू लागली होती आणि चित्र कशाचं आहे यावर पैजा लावत होती. माझ्या एका शेळीला तीन जणांनी कुत्रा ठरवलं आणि चौथ्यानं मला सरळ विचारलं, "मास्तर, ह्यो आपला रामोशाचा का पाटलाचा?" मी दिवसभर कोणाशी बोललो नाही. माझा स्वभाव मुळातच फुणफुणा. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेळी नव्हती. पोतेऱ्याच्या दोन फटक्यांत ती गेली होती, आणि गावाला तिची आठवणही नव्हती. लोक नव्या चित्रासाठी उभे होते. आपल्या चुका जग जन्मभर उराशी धरून बसतं असा माझा समज होता. ते जग दुसऱ्या दिवशीच्या भाकरीपर्यंतही धरत नाही, हे कळल्यावर मला हायसं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला.

मग हळूहळू पोटातला गोळा उशिरा येऊ लागला. एक दिवस तो आलाच नाही, आणि हे मला रेघ ओढून झाल्यावर लक्षात आलं. बैलाचे मागचे पाय पुढच्यांएवढे होऊ लागले. पावसाळ्यात भिंत वाळत नसे, तेव्हा पाटीवर कोळशानं काढायचं आणि पाटी देवासमोर ठेवायची. असं जवळजवळ दीड वर्ष गेलं. सुटीत घरी गेलो तेव्हा मी काहीएक न बोलता उरलेली बाज विणली. आई शेजारणींना बोलावून आणेपर्यंत माझं काम आटोपलं होतं.

आणि मग धाकटीचं लग्न ठरलं.

मुलगा कापूरहोळच्या पलीकडच्या एका गावचा. हेही गुरवाचंच घर, पण तिकडं मोठं देऊळ, दारावरनं मोटारीचा रस्ता, त्यामुळे मंडळी जरा तोऱ्यात. मुलाचा बाप म्हणजे खुसपट काढण्यात दहा गावांत पुढे. सुपारी फुटली तेव्हा त्यानं पानाला, चुन्याला, बसायच्या घोंगडीला, सगळ्याला नाव ठेवलं होतं, आणि कोणीतरी उलट उत्तर दिलं म्हणून जेवणाच्या पानावरून एकदा उठूनही गेला होता. मावशीनं ओढ्यापर्यंत धावत जाऊन त्याला परत आणला. मुलगा मात्र सोन्यासारखा होता आणि धाकटीच्या मनात भरला होता. मावशीला एकच घोर लागून राहिला. लग्नाच्या दिवशी हा माणूस दारातून फिरला, तर पोरीचं काय?

आमच्याकडे लग्नघराच्या दर्शनी भिंतीवर चित्रं काढतात. दारावर गणपती आणि दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, सोंडेत माळा घेऊन दाराकडे तोंड करून उभे. त्यासाठी दर साली भोरचा एक चितारी येत असे. त्या वर्षी त्याच मुहूर्तावर त्यानं दुसरीकडं शब्द दिला होता. निरोप आला तेव्हा मी मंडपात हजेरी घेत होतो. मावशीनं निरोप ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. मी हजेरीपटात तोंड खुपसलं.

"मास्तर, हत्ती तुमी काढायचं."

मी सांगितलं, मला ताप येतोय. मी सांगितलं, मला भोरला जायचंय, शाळाखात्यातल्या दिपोटीसाहेबांचं बोलावणं आहे. शेवटी खरं तेही सांगून टाकलं. "मावशी, देवळातलं दुसऱ्या दिवशी पुसलं जातं. लग्नाची भिंत कोणी पुसत नाही. तीन-तीन वर्षं पावसानं जाईपर्यंत राहते ती. हत्ती बिघडला तर येणारा-जाणारा बघणार. आणि तुमचे ते व्याही!"

"रोज पुसतीय म्हणून काढत हुता व्हय?"

"हो."

"मंग पुसून चुकलंच माजं," ती म्हणाली आणि केरसुणी उचलून निघून गेली. ओरडली असती तर मी नेटानं नाही म्हटलं असतं. ती न ओरडता गेली, म्हणून मी त्याच संध्याकाळी तिच्या दारात जाऊन हो म्हणून आलो.

आता अडचण अशी की हत्ती मी आयुष्यात एकदाच पाहिला होता. लहानपणी भोरात मिरवणूक निघाली होती. हत्ती समोरून आला तेव्हा मी भीतीनं वडिलांच्या धोतरात तोंड लपवलं, आणि तो पुढे गेल्यावर धीर करून बघितलं. त्यामुळे हत्तीची मागची बाजू मला बारकाव्यानिशी पाठ होती. पुढच्या बाजूसाठी मी महिनाभर देवळाच्या भिंतीवर रोज एक हत्ती काढला. पहिले दहा म्हशीवर गेले. पंधराव्याला पोरांनी आपण होऊन हत्ती म्हटलं. पंचविसावा बघून मावशीनं पोतेरा हातात धरून विचार केला आणि म्हणाली, "ह्याला पुसाय जिवावर येतंय." पुसलाच तिनं, पण मला जे मिळायचं ते मिळालं.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेच कामाला लागलो. आधी दारावर गणपती. मग उजव्या बाजूचा हत्ती. त्यावर नीळ आणि हळद घालून झूल रंगवली, सोंडेत माळ दिली. हत्ती दाराकडे तोंड करून असा झकास उभा राहिला, की पाणी भरणाऱ्या बायका घागरी घेऊन थांबल्या. मी डाव्या बाजूला गेलो. मला तेव्हा काय वाटत होतं ते नीट सांगतो, कारण तसं मला आधी कधीच वाटलं नव्हतं. मला कसलीच भीती वाटत नव्हती. हात आपोआप चालत होता. मी चक्क गुणगुणत होतो. भीती गेली, आणि तिच्याबरोबर अक्कलही गेली हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

झूल झाली, घंटा झाली, शेवटी मी मोठ्या प्रेमानं शेपूट काढलं आणि चार पावलं मागे सरलो. शेपूट दाराला लागून होतं.

दीड वर्ष माझ्या हातानं सगळी जनावरं डावीकडे तोंड करून काढली होती. हाही डावीकडेच बघत होता. एक हत्ती घरात येत होता आणि दुसरा दाराकडे पाठ करून सरळ बाहेर चालला होता. वर त्याची मागची बाजू माझ्या हातून निघालेली आजवरची सर्वांत सरस गोष्ट होती, त्यामुळे नजर आधी तिथंच जायची.

घागरीवाल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. "आगं बया, लक्ष्मी निघाली की घरातनं!" मी पोतेऱ्यासाठी धावलो, तर एका म्हातारीनं माझा हात धरला. नवरीला हळद लागल्यावर लग्नाची भिंत पुसायची नसते, तो मोठा अपशकुन. एवढ्यात ओढ्याकडून वाजंत्री ऐकू आली. वऱ्हाड गावाच्या शिवेवर पोचलं होतं.

मावशी बाहेर आली. तिनं हत्ती पाहिला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला, आणि मला पळून जावंसं वाटलं. नुसतं वाटलं असं नाही, मी गोठ्याच्या बाजूनं दहा पावलं गेलोही होतो. पण मागून तिची हाक आली.

"मास्तर, चितारी दाराशी बसतोय. इवायाच्या हातनं त्याला नारळ मिळतोय. हितं बसा."

तशी रीतच होती. मी त्या हत्तीच्या ढुंगणाखाली घोंगडीवर जाऊन बसलो. बसल्या बसल्या मला एक सबब सुचली, आणि चांगली सुचली. देऊळ डाव्या अंगालाच होतं. म्हणायचं, हा हत्ती देवाच्या दर्शनाला चाललाय. कोणाची हिंमत आहे खोडून काढायची? मी ती मनात दोनदा घोकून ठेवली. मला फार सुटल्यासारखं वाटलं.

वऱ्हाड आलं. नवरा मुलगा घोड्यावर, पुढे व्याही, फेटा बांधलेला, एका हातात काठी, दुसऱ्या हातात नारळ. दाराशी येऊन तो थांबला. गणपती बघितला. उजवा हत्ती बघितला. मग डावा. वाजंत्री थांबली. मावशी आरतीचं ताट घेऊन उभी होती.

"ह्यो हत्ती कुणीकडं चाललाय?" त्यानं काठीनं दाखवलं.

सबब माझ्या ओठावर होती. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, की हा माणूस सबबीचीच वाट बघतोय. मी काहीही म्हटलं असतं तरी त्यानं ते खोडून काढलं असतं, मी पुन्हा बोललो असतो, त्यानं आवाज चढवला असता, आणि वऱ्हाड ओढ्याकडे वळलं असतं. मी उठून उभा राहिलो.

"चुकला," मी म्हटलं. "देवळात रोज डावीकडे तोंड करून काढतो. हाताला तीच सवय आहे. इथं उजवीकडे हवं होतं. मी अजून शिकतोय."

तो काठी तशीच उगारून उभा राहिला. भांडायला माणूस तयार होऊन यावा आणि समोरच्यानं वाट मोकळी करून द्यावी, तशी त्याची गत झाली. त्यानं हत्तीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हत्तीकडे पाहिलं.

"उभ्या जन्मात," तो आपल्या भावाला म्हणाला, "माज्या तोंडावर चुकलं म्हणणारा ह्यो पैलाच. न्हाईतर जो तो मलाच शिकवाय बसतोय." मग दोन पावलं पुढे येऊन, डोळे बारीक करून त्यानं निरखून बघितलं. "पर मास्तर, मागली बाजू लई झकास जमलीया हां!"

कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं वऱ्हाड हसलं. घोड्यावरचा नवरा हसला. नारळ माझ्या हातात आला. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. मावशीनं ओवाळलं, आणि लग्न लागलं.

दुपारनंतर पाठवणी झाली. मावशीनं तीन लेकी डोळ्यांतून टिपूस न काढता वाटेला लावल्या होत्या, असं गाव सांगायचं. चौथीच्या वेळीही ती घट्टच होती. धाकटी दारातून बाहेर आली, सगळ्यांच्या पाया पडली, गाडीकडे निघाली आणि डाव्या हत्तीपाशी थांबली. तिनं त्याच्या सोंडेवर हात ठेवला. रंग पुरता वाळला नव्हता, काव तिच्या मेंदीवर उतरली.

"आये," ती म्हणाली, "ह्यो माज्या संगं येतोय न्हवं?"

मावशीनं तोंडाला पदर लावला. "येतोय गं बाई," ती म्हणाली. "त्यो तुला सोडाय येतोय. त्यो दुसरा हाय की घर राखाय." आणि ती रडायला लागली, तिच्या त्या ओढ्यापलीकडं ऐकू जाणाऱ्या आवाजात. मीही रडलो. रडताना माझ्या काखेत नारळ होता आणि तो काही केल्या मला कुठं ठेवता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला वाटलं, आज काही भिंत सारवलेली नसणार. गेलो तर ओला चौकोन तयार होता. मावशीचे डोळे सुजले होते.

"आज उजवीकडं तोंड करून काढा," ती म्हणाली.

"देवाकडे पाठ येईल, मावशी."

"यिऊ दे. पोरगी कुणीकडं गेलीय, त्ये त्यालाबी ठावं हाय."

मी हत्ती काढला. उजवीकडे तोंड करून काढताना हात पुन्हा पहिल्या दिवसासारखा आडमुठा झाला आणि तो हत्ती पुन्हा म्हशीवर गेला, पण दिवा लागायच्या आत पुरा झाला. पुढच्या साली भोरचा चितारी आला तेव्हा गावानं त्याला बजावलं, की लेकीच्या लग्नाला एक हत्ती बाहेर जाणारा काढायचा, आमच्यात तशी रीत आहे. तो बिचारा डोकं खाजवत राहिला. मी त्या वेळी गप्प बसलो.

त्याच वर्षी मी परीक्षेला तिसऱ्यांदा बसलो. तांब्याचं पोट दोन्ही बाजूंनी काढलं. सगळे कागद पुरे केले, वेळ उरला म्हणून कोपऱ्यात सावलीही दिली. निकाल लागला आणि मी नापास झालो. अपूर्ण नाही, सरळ नापास. कापूरहोळपासून चालत येताना माझी मलाच मौज वाटत होती, कारण पोटात गोळा शोधत होतो आणि तो सापडत नव्हता.

मी देवळात शिरलो तेव्हा मावशी पोतेरा पिळत होती.

"मावशी, नापास झालो."

"पुरं केलं हुतं का समदं?"

"पुरं केलं होतं."

"मंग काडी घ्या," ती म्हणाली. "भिंत वाळाय लागलीया."